बुडालेली साय

हिंगण्याच्या एमआयडीसीत, रात्रपाळीला,
मी दोन नितळ द्रावणं एकमेकांत ओतते.
एकात उमरेडकडच्या बाभळीचा डिंक,
दुसऱ्यात हाडांचं जिलेटिन,
कुठल्या जनावराचं ते गोणीवर लिहिलेलं नसतं.
कदाचित त्याच बाभळीला त्यानं कधी
खाज सुटली म्हणून पाठ घासली असेल.

पाणी तापवावं लागत नाही.
मे महिन्यात टाकीतलंच पंचेचाळीस भरतं.

डिंक जन्माचा ऋण.
ऋण म्हणजे कर्ज नव्हे, प्रभार,
मी नव्या पोरांना सांगते. ती हसतात.
त्यांना गाडीचे हप्ते आहेत.
जिलेटिनचं काही ठरलेलं नसतं,
आंबट होईल तसं ते धन होत जातं.
थेंब थेंब आम्ल.
चार पूर्णांक तीन. चार पूर्णांक एक.
आणि मग कुणी फुंकर न घालता
काचेत धुकं.

सूक्ष्मदर्शीखाली ते धुकं नसतं, थेंब असतात,
पाण्यात पाण्याचेच थेंब.
एकमेकांना लागतात, थरथरतात, पुन्हा गोल होतात.
संत्र्याच्या सालीच्या तेलाला ते पांघरूण घालतात,
साबणाच्या पुडीत महिनाभर वास टिकावा म्हणून.
एवढाच आमचा धंदा.

कॉलेजात वाटायचं, हे ओढीमुळे होतं.
पुढे वाचलं, ओढ असते, पण थोडी.
प्रत्येक लांब साखळीला बिलगून असतात
सोडियम, क्लोराइड, सगळी चिल्लर,
राखणीला बसवल्यासारखी.
साखळ्या एकमेकींत गुंतल्या की तिला सुट्टी.
वाट फुटेल तिकडे ती पाण्यात पांगते
आणि तिच्या पांगण्यावरच
हे सगळं गुंतणं उभं असतं.
मला फार दिवस हे खरं वाटलं नव्हतं.

सतरा तारखेला धुकं आलंच नाही.
चार. तीन पूर्णांक आठ. काच कोरी.
मालकांचा फोन: निखारे मॅडम, पुण्याची ऑर्डर.
डिंक बदलला. जिलेटिनची नवी गोणी फोडली.
ढवळणीवरचा मोरेश्वर पराते
कूलर भरायला गेला होता,
त्यानं टँकरच्या नळाखाली ओंजळ धरली,
घोट घेतला, थुंकला.
"खारं हाय न मॅडम. पेंचचं नाही हे पानी.
कुठल्या तरी बोअरचं आनलं बेट्यानं."

मीठ.
म्हणजे बाहेरच इतकी चिल्लर झाली
की सुटून जाण्यात काही राहिलं नाही.
जिथं जायचं तिथंही तीच गर्दी.
डिंक आणि जिलेटिन एकाच पिंपात
एकमेकांच्या शेजारून जात राहिली,
इतवारीत आपण जातो तशी,
खांद्याला खांदा लागून, ओळख न देता.

रात्री अडीचला मी म्हटलं, डिस्टिल्ड ओता.
पराते म्हणाला, "पातळ करता?
मंग तर अजून दूर जातील ते."
मलाही तसंच वाटत होतं.
पण माझ्या वहीत एक रेघ आहे, टेकडीसारखी.
टेकडीच्या पोटात दोन थर, बाहेर एक.
आपण माथ्याच्या वर उभे, मिठामुळे.
पाणी ओतत गेलो तर उतरत उतरत आत जाऊ.

एक कॅन. दुसरा.
तिसऱ्यात माझा धीर सुटला, त्याचा नाही.
चौथ्याच्या मध्यावर हात थांबवून
तो म्हणाला, "आलं."

सकाळी दोन थर.
वरचं नितळ पाणी नालीत सोडलं,
सुटलेल्या सगळ्यांसकट.
खाली मधासारखं जड काहीतरी,
धड घन नाही, धड द्रावणही नाही.
मी नोंदवहीत लिहिलं: दाट प्रावस्था, अकरा टक्के.
परातेनं बोटांत चोळून पाहिलं.
"साय म्हनावं तर वर याले पायजे," तो म्हणाला,
"हे तर बुडालेली साय."

तो शब्द कुठल्याच रकान्यात बसेना.
समासात लिहिला, शेजारी त्याचं नाव.
मग टँकरवाल्याला फोन लावला,
उद्या गोडं पाणी आण म्हटलं,
का, ते सांगत बसले नाही.